पेंटर, बाबूराव
(३ जून १८९०–१६ जानेवारी १९५४). मूकपटांच्या काळातील एक साहसी व प्रयोगशील मराठी चित्रपट-दिग्दर्शक आणि चित्रकार. संपूर्ण नाव बाबूराव कृष्णराव मेस्त्री. जन्म कोल्हापूर येथे. आप्त व सहकारी आनंदराव यांच्यासमवेत नाटकांचे पडदे रंगवीत असताना ते चित्रपटनिर्मितीकडे वळले. १९१६ मध्ये आनंदराव निवर्तले; तथापि बाबूरावांनी शिष्य विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने १९१८ मध्ये स्वतःच कॅमेरा तयार केला. गायिका तानीबाई कागलकर यांच्या द्रव्यसाहाय्यावर उभ्या राहिलेल्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा सैरंध्री हा पहिला चित्रपट १९२० मध्ये प्रदर्शित झाला. त्यात स्त्रीभूमिका स्त्रियांनीच केल्या. सिंहगडमध्ये (१९२३) त्यांनी कृत्रिम प्रकाशात चित्रण केले. पौराणिक कथानकांची मळलेली वाट सोडून सावकारी पाशमध्ये (१९२५) त्यांनी कर्जापायी जमीन गमावून शहरात मजुरीस जाणाऱ्या शेतकऱ्याची व्यथा मांडली. त्यात शेतकऱ्याची भूमिका करणारे व्ही. शांताराम, तसेच दामले, फत्तेलाल व धायबर १९२९ मध्ये कंपनीतून बाहेर पडले आणि सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासह त्यांनी प्रभात फिल्म कंपनी स्थापिली. या फुटीनंतर बाबूरावांची कंपनी फार काळ टिकली नाही. पुढे त्यांनी उषा (१९३५), प्रतिभा (१९३७) इ. बोलपट दिग्दर्शित केले. परंतु त्यांच्या कलादृष्टीचा खरा विस्तार प्रभातमधील त्यांच्या शिष्यांच्या कृतींतूनच झाला.