रुपया ते शिलिंग : केनियाच्या राष्ट्रीय चलनाची जडणघडण

केनियाच्या शिलिंगची पूर्वपीठिका हिंदुस्थानी रुपयात आढळते. पश्चिम भारताशी चालणाऱ्या व्यापारामुळे पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर रुजलेला रुपया १८९६ नंतर युगांडा रेल्वेवरील भारतीय मजुरांच्या वेतनाबरोबर अंतर्भागात पोहोचला. १९०५ मध्ये ब्रिटिश सत्तेने एका पौंडास १५ रुपये, म्हणजेच रुपयास १ शिलिंग ४ पेन्स, असा दर निश्चित केला.

पहिल्या महायुद्धानंतर चांदी महागली आणि रुपयाचा दर २ शिलिंगांच्या वर गेला. पौंडात माल विकून रुपयात कर्ज फेडणाऱ्या गोऱ्या मळेवाल्यांवर याचा मोठा भार पडला. १९२० मध्ये रुपयाची जागा फ्लोरिनने व १९२१ मध्ये शिलिंगने घेतली. परंतु रूपांतर २ शिलिंग दराने झाल्याने कर्जाचा वाढीव बोजा कायम राहिला. मळेवाल्यांनी तो आफ्रिकी मजुरांवर लादला व त्यांचे वेतन एक तृतीयांशाने कमी करण्याचे ठरविले. या असंतोषास हॅरी थुकू यांनी संघटित रूप दिले. मार्च १९२२ मध्ये त्यांना अटक झाली आणि नैरोबीत निदर्शकांवर गोळीबार झाला.

स्वातंत्र्यानंतर १९६६ मध्ये केनियाच्या मध्यवर्ती बँकेने स्वतःचा शिलिंग प्रचारात आणला. नाव वसाहतकालीनच राहिले. चलन काढण्याचा अधिकार मात्र १९१९ मध्ये लंडन येथे स्थापन झालेल्या पूर्व आफ्रिका चलन मंडळाकडून राष्ट्राकडे आला. चलनाचा दर कोण ठरवितो, यावर त्याची झळ कोणास बसणार हे अवलंबून असते. १९२१ ची वेतनकपात हा त्याचा बोलका पुरावा होय.