चंपकाचे आद्याक्षर

हैदरअलीने 1760 मध्ये आरंभलेली बंगळूरची लालबाग 1856 मध्ये सरकारी वनस्पतिउद्यान झाली. तेथील झाडांच्या पाट्यांवर लॅटिन नावे असतात. त्यांतले कोणते अक्षर मोठे काढावयाचे आणि कोणते लहान, यालाही एक इतिहास आहे.

लिनियसच्या 1753 च्या ग्रंथापासून वनस्पतीचे नाव दोन पदांचे झाले. पहिले पद मोठ्या आद्याक्षराने, दुसरे सामान्यतः लहान. पण दुसरे पद व्यक्तिनामावरून किंवा देशी बोलीतून घेतलेले असल्यास त्यालाही मोठे अक्षर देत. म्हणून एकोणिसाव्या शतकातील ग्रंथांत आंब्याच्या ‘मँजिफेरा इंडिका’तील इंडिका लहान अक्षराने, तर सोनचाफ्याच्या ‘मायकेलिया चंपाका’तील चंपाका मोठ्या अक्षराने छापलेला आढळतो. देशाचे नाव धाकटे, आणि आपल्या चंपकाचे थोरले! विसाव्या शतकात ही सवलत मागे पडली. पुढे मायकेलिया जाऊन मॅग्नोलिया आले. चंपक राहिला, पण लहान अक्षरात.

इंग्रजी नावांबाबत तर शास्त्रज्ञांतच दोन पक्ष आहेत. पक्षिशास्त्रज्ञ ‘कॉमन मैना’ मोठ्या अक्षरांनी लिहितात, कारण लहान अक्षरांत ती विशिष्ट जात की नेहमी दिसणारी कोणतीही मैना, हे उमगत नाही. इतर बहुतेकांना हा थाट अनावश्यक वाटतो.

देवनागरीत अक्षराला लहानमोठेपण नाही. मग आपण काय केले? समास केला. निळी गाय कोणतीही असेल. नीलगाय हा एकच प्राणी, आणि तो कुरंगांपैकी. ‘लालबुड्या बुलबुल’ म्हटले की शंकेला जागाच उरत नाही. असे टोपणनाव गावकऱ्यांनाच सुचावे! जेथे समास झाला नाही तेथे मात्र अडते. ‘हिरवा चाफा’ हे नाव की वर्णन? सोनचाफा, हिरवा चाफा आणि अमेरिकेतून आलेला पांढरा चाफा ही तीन निरनिराळ्या कुळांतली झाडे आहेत. रंग बदललेला एकच चाफा नव्हे. इंग्रजी नावांचे शब्दशः भाषांतर करून ‘मोठा बगळा’ अशी नावे पाडणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावयास हवे. असा शब्द ऐकणाऱ्याला पक्ष्याचे नाव कळत नाही, त्याचा आकार तेवढा कळतो.

सोनचाफ्याला कानडीत संपिगे म्हणतात. बंगळुरातच, मल्लेश्वरम भागात, संपिगे रोड आहे. रोमन लिपीत त्या संपिगेला मोठे अक्षर मिळते, कारण तेथे ते रस्त्याचे नाव आहे. कानडी अक्षरांत मात्र रस्ता आणि फूल सारखेच दिसतात.