बायोफ्लॉक टाकीत गूळ किती आणि केव्हा टाकावा?

बायोफ्लॉक टाकीत माशांच्या उत्सर्जनातून आणि शिल्लक खाद्यातून अमोनिया वाढतो. त्यावर गूळ टाकतात. गूळ स्वतः अमोनिया कमी करत नाही. गुळातील कर्बावर जिवाणू वाढतात आणि वाढताना पाण्यातील नत्र शोषून घेतात. या जिवाणूंचे पुंजके म्हणजे फ्लॉक. तिलापियासारखे मासे ते खातात.

मात्रा : १ ग्रॅम अमोनिया-नत्रासाठी सुमारे १५ ग्रॅम गूळ धरावा. समजा, १०,००० लिटरच्या टाकीत अमोनिया-नत्र लिटरला २ मिलिग्रॅम आले. एकूण नत्र २० ग्रॅम, म्हणून गूळ ३०० ग्रॅम.

प्राणवायूचा हिशेब : एवढे नत्र शोषताना जिवाणू सुमारे ९४ ग्रॅम प्राणवायू वापरतात. लिटरला ५ मिलिग्रॅम या प्रमाणात संपूर्ण टाकीत तो असतो फक्त ५० ग्रॅम. म्हणजे हवा सतत मिळाली तरच मासे तगतात.

काळजी :
• गूळ पाण्यात विरघळवून, गाळून, दोन-तीन हप्त्यांत द्या.
• गूळ सकाळी टाका, म्हणजे पुढचे काही तास टाकीवर लक्ष ठेवता येते.
• ब्लोअरसाठी इन्व्हर्टर किंवा जनरेटर नसेल, तर वीज जाण्याच्या वेळेआधी गूळ टाकू नका.
• मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागले, तर गूळ आणि खाद्य दोन्ही थांबवा, हवा वाढवा.

अमोनिया वारंवार वाढत असेल, तर गूळ वाढवण्याआधी खाद्य उरते का, ते पाहा.