एकदिश वितरणजाळ्याची भारक्षमता

एकदिश प्रवाहाच्या जाळ्यातून भाराला पुरवता येणाऱ्या शक्तीची कमाल मर्यादा. स्थिर स्थितीत येथे गणित मुख्यतः स्रोताचा दाब आणि तारांचा रोध यांवर उभे राहते. दाबाच्या वर्गाला रोधाच्या चौपटीने भागले की सैद्धांतिक कमाल शक्ती मिळते. १,५०० व्होल्ट आणि ०.१ ओहम असल्यास ती सुमारे ५६ लाख वॉट येते; पण तेव्हा भारापाशी निम्माच दाब उरतो आणि भाराला मिळते तेवढीच शक्ती तारांत उष्णतेच्या रूपाने वाया जाते. असे जाळे कोणी चालवत नाही. व्यवहारात दाबातील अनुज्ञेय घट आणि तारांचे तापणेच आधी आडवे येते. इलेक्ट्रॉनिक परिवर्तकांचा भार विशेष अडचणीचा : दाब घसरला की शक्ती कायम राखण्यासाठी तो जास्त प्रवाह ओढतो, त्याने दाब आणखी घसरतो.

मुंबईची उपनगरी रेल्वे ३ फेब्रुवारी १९२५ पासून १,५०० व्होल्ट एकदिश दाबावर धावू लागली. पुढे गाड्या आणि डबे वाढले, तशी ही पद्धत अपुरी पडली. पश्चिम रेल्वेने २०१२ पर्यंत, मध्य रेल्वेने २०१६ पर्यंत उपनगरी मार्गांवर २५,००० व्होल्टचा प्रत्यावर्ती पुरवठा स्वीकारला. तेवढ्याच शक्तीला आता साधारण सतरावा हिस्सा प्रवाह पुरतो.