हार्ड कोर्टवरच्या पंडिता

गंगापूर रोडवर मी सकाळी खेळतो ते टेनिस कोर्ट निळं आहे. खाली काँक्रीट, वर रंग. हार्ड कोर्ट म्हणजे हेच, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. म्हणून १९२७ साली क्षमाबाई राव यांनी 'बॉम्बे प्रेसिडेन्सी हार्ड कोर्ट' स्पर्धेत महिला एकेरी जिंकली, हे वाचलं तेव्हा डोळ्यांसमोर निळंच कोर्ट आलं.

चूक माझी. त्या काळी गवत नसलेलं कोर्ट ते हार्ड कोर्ट. मातीची कोर्टंही त्यातच यायची. पॅरिसजवळ सँ-क्लूला १९१२पासून भरणारी 'वर्ल्ड हार्ड कोर्ट' स्पर्धा तर तांबड्या मातीवरच व्हायची. फ्रान्सनं १९२७मध्ये डेव्हिस कप जिंकला आणि तो राखायला १९२८मध्ये रोलाँ गारोस स्टेडियम बांधलं. तिथंही तीच माती: चुनखडीवर विटांच्या भुकटीचा पातळ थर. अशा मातीवर चेंडू मंदावतो, उंच उठतो, पॉइंट लांबतच जातो. ताकदीचे फटके मारणाऱ्याला ती लवकर चिडवते.

क्षमाबाईंचा जन्म १८९०चा. म्हणजे त्या विजेतेपदाच्या वेळी पस्तिशी उलटून गेलेली, घरात सोळाच्या आसपासची मुलगी. वडील शंकर पांडुरंग पंडित, तुकारामांच्या गाथेचे आणि अथर्ववेदाचे संपादक. क्षमाबाई लहान असतानाच ते गेले. क्षमाबाईंनी पुढे संस्कृत काव्यात नाव मिळवलं. गांधींच्या चळवळीवरचं त्यांचं 'सत्याग्रहगीता' हे संस्कृत काव्य १९३२मध्ये छापून आलं, तेही पॅरिसला! त्यानंतर त्यांनी तुकाराम, रामदास, ज्ञानेश्वर यांची चरित्रंही संस्कृतात लिहिली.

आता गंमत बघा. संस्कृत साहित्याच्या इतिहासात त्या 'पंडिता'. तिथं रॅकेट दिसलीच तर एखाद्या वाक्यापुरती. टेनिसच्या इतिहासात त्या 'लीला राव यांच्या आई'. एकाच माणसाची दोन फोल्डर, आणि एकाची दुसऱ्याला लिंक नाही. मला हे खटकतं. लग्न, मुलगी, अनुष्टुभ आणि मॅचपॉइंट हे सगळं त्या एकाच दिवसाच्या चोवीस तासांत बसवत असणार.

मुलीचं नाव मात्र टिकलं, आणि हक्कानं टिकलं. १९३४मध्ये विम्बल्डनला पहिल्या फेरीत लीला राव ग्लॅडिस साउथवेलविरुद्ध पहिला सेट ४-६ हरल्या, दुसरा १०-८ असा खेचून आणला आणि तिसरा ६-२ घेतला. विम्बल्डनमध्ये सामना जिंकणारी पहिली भारतीय महिला! पुढच्या फेरीत फ्रान्सच्या इडा आदामोफनं त्यांना हरवलं.

त्या विम्बल्डनच्या गवतावर जिंकल्या, हे खरं. पण घरात आधीपासून एक विजेती होती, हार्ड कोर्टवरची. पुढं लीलाबाईंनीही संस्कृतात नाटकं लिहिली. त्यांतली बरीचशी आईच्या कथांवर बेतलेली आहेत.