थ्री नॉट थ्री रायफल, जुनी : पारख व सफाई

लष्कराच्या वापरातून बाद होऊन पोलीस, होमगार्ड किंवा एनसीसीकडे आलेली .३०३ इंच (७.७ मिमी) ली-एनफिल्ड रायफल तपासण्याची आणि साफ करण्याची पद्धत. भारतात या जातीच्या रायफली कोलकात्याजवळच्या इशापूर कारखान्यात विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून बनू लागल्या. १९६२च्या चीन युद्धानंतर तिथेच त्याच घडणीची, पण ७.६२ मिमी काडतुसाची ‘२ए’ आणि पुढे ‘२ए१’ ही रायफल तयार झाली. पोलिसांकडे .३०३ फार काळ टिकली. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला निरोप दिला तो २६ जानेवारी २०२० रोजी.

ही पद्धत बालाघाट जिल्ह्यातली हवा डोळ्यांपुढे ठेवून लिहिली आहे. वैनगंगेचे खोरे, साल-बांबूची जंगले, भातशेती आणि लांबलेला पावसाळा यांमुळे इथल्या हवेत लोखंड उघडे ठेवले की तांबते. म्हणून इथल्या कोतात, म्हणजे शस्त्रकोठारात, रायफलीला गोळीबारापेक्षा दमटपणाच जास्त खातो.

सरकारी काडतूस चालणारी रायफल भारतात सामान्य परवान्यावर मिळत नाही. नागरिकांसाठी इशापूरने .३१५ बोअरची वेगळी रायफल काढली ती याच कारणाने. आजोबांच्या काळापासून माळ्यावर पडलेली .३०३ निव्वळ जुनी आहे म्हणून कायद्यातून सुटत नाही. ती सापडल्यास हात न लावता पोलीस ठाण्यात कळवावे. बाद शस्त्रांवरचा कडक पहारा अनाठायी नाही. जबलपूरच्या आयुध भांडारातून एके-४७ बिहारमधील मुंगेरपर्यंत पोहोचल्याचे २०१८ साली उघड झाले. पुढची पद्धत कोत सांभाळणारे, आर्मोरर आणि संग्रहालयवाले यांच्यासाठी आहे.

पारख आधी, सफाई मागाहून. हा क्रम उलटला की गंजाबरोबर पुरावाही जातो. प्रथम मॅगझिन काढून, बोल्ट मागे ओढून चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने रिकामे असल्याची खात्री करावी. मग दस्त्याच्या मानेपाशी असलेल्या लोखंडी पट्ट्यावरचा कारखाना, साल आणि नमुना वाचावा. ‘२ए’ दिसायला .३०३सारखीच, पण तिचे मॅगझिन चौकोनी व १२ गोळ्यांचे असते, .३०३चे १० गोळ्यांचे. या दोन काडतुसांची गल्लत जीवघेणी ठरू शकते. ‘डीपी’ असे ठोकलेले हत्यार फक्त कवायतीसाठी असते. त्यातून गोळी झाडायची नाही, मग ते बाहेरून कितीही चकचकीत असो. इशापूरने काही रायफलींच्या नळ्या बदलून पोलीस व तुरुंग पहारेकऱ्यांसाठी .४१० बोअरच्या गुळगुळीत नळीच्या बंदुकाही केल्या. तेव्हा बाह्यरूपावर विसंबू नये.

बोल्ट आणि चौकटीवरचा क्रमांक जुळतो का, हे यानंतर पाहावे. दुसऱ्या रायफलीचा बोल्ट बसतो, बंदही होतो, पण बोल्टचे डोके आणि काडतुसाची कड जिथे टेकते ती नळीची मागची बाजू यांतले अंतर बदलते. .३०३साठी ते अंतर ०.०६४ ते ०.०७४ इंचांत हवे आणि ते गेजनेच मोजावे. नळी उजेडाकडे धरून पाहिल्यावर पिळदार खाचांच्या कडा बोथट, तळ काळा आणि खडबडीत दिसला तर गंजाने धातू खाल्लेला असतो. तोंडापाशीची झीज मात्र बहुतेकदा गोळ्यांची नसून तिरक्या ओढलेल्या पुलथ्रूची, म्हणजे नळी साफ करायच्या दोरीची असते. लाकूड काढून नळीची खालची बाजू तपासल्याशिवाय पारख पुरी होत नाही. वरून निळीकाळी दिसणारी नळी तिथे खड्डे पडून पोखरलेली असू शकते.

नळी का गंजते, हे कळले की सफाई सोपी होते. जुन्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. जळल्यावर त्याचे क्षार नळीत उरतात आणि ते हवेतले पाणी ओढतात. तेल या क्षारांना विरघळवत नाही, उलट झाकून ठेवते. म्हणून आधी उकळते पाणी नळीत ओतायचे, मग कोरडी चिंधी, आणि शेवटी तेलाचा हात. पुलथ्रू चेंबरकडून घालून तोंडाकडे सरळ ओढावा. बाहेरचा गंज तेलात एक-दोन दिवस मुरवून पितळी ब्रशने हलकेच काढावा. सँडपेपर लावला की निळसर थर आणि अक्षरे दोन्ही पुसली जातात, आणि ती परत येत नाहीत. घट्ट झालेल्या जुन्या ग्रीसला रॉकेल चालते, फक्त ते लाकडावर सांडू देऊ नये.

लाकडाला कच्चे जवसाचे तेल पातळ थरात, दोन थरांच्या मध्ये पुरेसा वेळ देऊन चोळावे. व्हार्निश टाळावे. गोळी सुटताना रायफल मागे दाबली जाते त्या खोबणीभोवतीची चीर आणि वाळवीची भोके नोंदवून ठेवावीत. तोंडात बोळा कोंबून रायफल ठेवण्याची सवय घातक आहे. बोळा दमटपणा धरतो, आणि विसरून गोळी सुटली तर नळी फुटते. कातडी पट्टा वेगळा ठेवावा आणि पावसाळ्यात तेल महिन्यातून निदान एकदा नवे लावावे.