खान्देशात वसंत कधी येतो?

शाळेच्या पुस्तकातला वसंत म्हणजे कोकीळ, मोहोर आणि मंद वारा. आमच्या पिंप्राळ्यात मात्र चैत्र लागतो तेव्हा ऊन चटके द्यायला लागलेलं असतं. मग वसंताचं स्वागत करायचं तरी कधी? प्रत्येकाचं उत्तर वेगळं.

सातपुड्यातले पावरा लोक आठवडी बाजार धरून चालतात. होळीआधीच्या आठवड्यातले हाट म्हणजे भोंगऱ्या. होळीचा बाजारहाट करायचा आणि ढोलावर नाचायचं. पिंप्राळ्यात धुळवडीला बारागाड्या ओढतात. पाडव्याला गुढी उभी राहते आणि चैत्र शुद्ध द्वितीयेला जळगावच्या सिंधी मंडळींचा चेटीचंड असतो. १९४७ साली सिंध सुटला, झुलेलाल मात्र सोबत आले.

एक पाहुणा सण आपण विसरलो. १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतला आणि खान्देश मोगलांचा सुभा झाला. अकबराचं इलाही वर्ष सुरू व्हायचं नवरोजला, म्हणजे मार्चमध्ये दिवस-रात्र समान होतात तेव्हा. जहांगीरने तर आपल्या आठवणीही नवरोज ते नवरोज अशाच लिहिल्या. पुढे औरंगजेबाने हे दरबारी सोहळे बंद केले. पण मधल्या काळात, १६३० ते १६३२, शाहजहानचा मुक्काम बऱ्हाणपुरात होता, आणि त्याच वर्षांत खान्देश-गुजरातेत भयंकर दुष्काळ पडला. बादशहाने लंगर उघडले, तरी माणसं मेली. सूर्य नेमाने विषुववृत्तावर आला, शेतात वसंत आलाच नाही!

म्हणून मला आखाजी जास्त खरी वाटते. वैशाखाचं ऊन असतं, पण गहू-हरभरा घरात आलेला असतो आणि शेत रिकामं असतं. लेकी माहेरी येतात, गौराई बसते, निंबाला झोके बांधले जातात. सांजोऱ्या, आमरस, खापरावरच्या पुरणपोळ्या! सालदाराचं सालही आखाजीलाच संपतं. तो हिशेब करतो, उचल फेडलेली असेल तर मोकळा होतो, नाहीतर त्याच मालकाकडे आणखी एक साल. एकाच दिवशी लेक झोक्यावर आणि सालदार ओट्यावर हिशेबाला.

असो. वसंत आकाशात कधी येतो ते पंचांग सांगेल. घरात कधी येतो, ते कामातून आणि कर्जातून कोण कधी सुटतो त्यावर ठरतं. तुमच्याकडे कधी येतो, जरूर कळवा.